बिडाचं चाक

दसरा होऊन चार दिवस झाले की आष्टीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसू लागतात. एकामागं एक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघालेल्या नसतात, निघायची तयारी असते. वर्षभर शेतात राबलेल्या ट्रॅक्टरांचे क्लच याच पंधरवड्यात खोलले जातात. भरल्या उसाची ट्रॉली चढावर ओढताना क्लच घसरला तर काय होतं, हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरनं एकदा तरी पाहिलेलं असतं. क्लच निघाला की त्याच्या मागचं फ्लायव्हील निघतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी आवळलेलं जड, जाडजूड चाक. इंजिनाबरोबर ते फिरतं आणि क्लचची प्लेट त्याच्यावर दाबून बसली की गाडी पुढं सरकते. ही चाकं घासून, जळून, चरे पडून माझ्याकडं येतात. माझं लेथचं, लोखंड कातायचं दुकान आहे. तीस वर्षं मी ही चाकं लेथवर चढवून त्यांची तोंडं साफ करतो आहे.

खंडेनवमीला लेथला घातलेली झेंडूची माळ तेव्हा वाळत आलेली असते. तिचा कडवट वास आणि जळालेल्या क्लचचा करपलेल्या केसांसारखा वास दुकानात एकत्र कोंडून राहतो. घरी गेल्यावरही तो सदऱ्यातून जात नाही.

या दिवसांत आमच्याकडचं ऊनही विचित्र असतं. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, आणि मधल्या रिकाम्या जागेत ऊन एकटंच उभं. बाजरी कापून झालेली, शेतात नुसती टोकदार बुडखी. तुरीला फूल. गावागावांत गाठोडी बांधणं चाललेलं. आणखी पंधरा दिवसांनी त्याच गावात गेलं तर दारांना कुलपं दिसतात, उंबऱ्यापुढं बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, ओट्यावर एखादी म्हातारी. माणसं जाणार हे जनावरांनासुद्धा आधी कळतं. कुत्री तोंडातून आवाज न काढता मालकाच्या मागंमागं फिरत राहतात. हा पंधरवडा मला लहानपणापासून आवडत नव्हता. पण नुसता आवडत नव्हता. त्याची भीती वाटायला लागली ती एका वर्षी जे घडलं तेव्हापासून.

सहा-सात वर्षं झाली असतील. असंच ऊन होतं. हनीफ मिस्त्रींचा निरोप आला, की हातातलं काम झालं की येऊन जा, एक चीज दाखवायची आहे. हनीफभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. नगरच्या रस्त्याला, माझ्या दुकानाच्या पुढं थोड्या अंतरावर त्यांचं गॅरेज. त्यांचे वडीलही मिस्त्रीच होते. चालत्या इंजिनाला कान देऊन आतला दोष सांगणारा माणूस, अशी हनीफभाईंची पंचक्रोशीत ख्याती. पण तो कान तोवर मंदावला होता. आयुष्यभर इंजिनाशेजारी उभं राहिल्याचा तो परिणाम. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, मला आणि त्यांच्या बायकोला, फरीदाभाभींना. गिऱ्हाइकासमोर ते अजून कान लावायचे, मान हलवायचे, पण खरं निदान बोटांनी करायचे. बोनेटवर तळवा ठेवून डोळे मिटायचे.

लिंबाच्या सावलीत एक गाडी उभी होती. दोन माणसांपुरती, बिनछताची, जमिनीला लागून बसलेली जुनी विलायती गाडी. रंग गर्द हिरवा, जागोजागी पोपडे उडालेला. पुढचे गोल दिवे डोळे विस्फारल्यासारखे. शेजारी तिचा मालक उभा होता, विक्रम. धरणाच्या बाजूच्या एका गावातल्या मोठ्या बागायतदाराचा हा मुलगा. वडिलांना सगळा तालुका आण्णा म्हणायचा; राजकारणातले वजनदार गृहस्थ होते. ही गाडी आण्णांनी तरुणपणी हौसेनं आणलेली. ते गेल्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी आण्णांचा फोटो घेऊन ही गाडी गावातून फिरवायची, असं विक्रमनं मनाशी धरलं होतं. तो बोलायला सौम्य होता. मोठ्या घरातल्या पोरांची मिजास त्याच्यात नव्हती. वडिलांचा विषय निघाला की नजर दुसरीकडं वळवायचा. मला तो तेव्हाच आवडला. पुढच्या सगळ्यात हेच वाईट झालं, की ज्याचा राग करावा असं माणूसच त्यात नव्हतं.

जुनं इंजिन आतून तडकलं होतं आणि त्याचे भाग कुठं मिळत नव्हते. विक्रमनं पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जपानी इंजिन आणलं होतं. नवं नव्हे, पण धडधाकट. वजनाला हलकं, ताकदीला दांडगं. ते गाडीत बसवायचं काम हनीफभाईंनी दोन दिवसांत मार्गी लावलं. अडचण निघाली ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या वीतभर जागेत.

गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा होता. आण्णांची मूठ ज्या दांड्यावर बसायची तो दांडा विक्रमला तसाच हवा होता. आता नव्या इंजिनाचं स्वतःचं फ्लायव्हील जुन्या गिअरबॉक्सच्या कवचात मावेना. ते बोटभर मोठं. कापून लहान करावं तर त्याच्या कडेचे दाते जाणार आणि त्या दात्यांत अडकून इंजिन सुरू करणारा स्टार्टर हवेत फिरणार. जुन्या गाडीचं चाक कवचात बरोबर बसायचं, त्याचे दाते स्टार्टरला लागायचे, क्लचची प्लेटही त्याच्याच मापाची. पण ते नव्या इंजिनाला जोडता येईना. जुन्याला बोल्टांची भोकं सहा, नव्याला आठ, आणि आठांचं वर्तुळ सहांच्या वर्तुळाला अगदी खेटून.

सरळ उपाय एकच होता. पोलादाच्या अखंड तुकड्यातून नवं चाक कातून घ्यायचं. पुण्याला तसं काम करणारे होते. हनीफभाईंनी विचारलं तर त्यांनी महिना सांगितला. वर्षश्राद्धाला तेरा दिवस राहिले होते. विक्रम गाडीच्या दारावरून हात फिरवत राहिला. मग एकानं म्हटलं, की जुन्याच चाकात नवी आठ भोकं पाडली तर?

ते म्हणणारा मी होतो. आजवर हे सांगताना मी ‘असं ठरलं’ म्हणत आलो. ठरलं नव्हतं. मी म्हणालो होतो. असलं काम जिल्ह्यात दुसरा कुणी करणार नाही, हे मला त्या क्षणी फार गोड वाटलं होतं.

ते चाक बिडाचं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव बीड आणि ओतीव लोखंडालाही मराठीत बीडच म्हणतात. बाहेरची माणसं त्यावरून गंमत करतात. पण बिडाचा स्वभाव ज्याला माहीत आहे तो गंमत करत नाही. पोलादाला ताण आला तर ते वाकतं, लांबतं, काहीतरी कळवतं. बीड वाकत नाही. शेवटपर्यंत तोंड मिटून बसतं आणि मग एकदम फुटतं. जुन्या इंजिनाच्या संथ चालीसाठी ते चाक ओतलेलं. नवं इंजिन त्याच्या जवळजवळ दुप्पट फेरे घ्यायचं. फेरे दुप्पट झाले की चाकाचा काठ बाहेर पळायची ओढ चौपट होते. हे मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. मला ते पाठ होतं.

त्या दिवशी दुकानासमोर पाच ट्रॅक्टर उभे होते. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि ते चाक आधी घेतलं. भोकं पाडण्याआधी दोरीला टांगून लाकडी हातोडीनं वाजवलं. ही आमची जुनी रीत. बाया मडकं घेताना बोटानं वाजवून बघतात, तशीच. साबूत चाक वाजलं की आवाज निघतो, थोडा वेळ हवेत राहतो आणि हळूहळू विरतो. तडा असेल तर बद्द वाजतं. ते चाक छान वाजलं होतं.

बिडाचा चुरा काजळीसारखा असतो. नाकातोंडात जातो, थुंकी काळी होते. दिवसभर मी ती भोकं मोजून, आखून पाडत होतो. काही ठिकाणी जुन्या आणि नव्या भोकाच्या मध्ये अंगठ्याएवढं अंतर राहत होतं, एका ठिकाणी मात्र भाकरीच्या काठाएवढंच. त्या ठिकाणी ड्रिल आत उतरताना एकदा टिक् झालं. अगदी बारीक. मी मशीन थांबवलं, वाकून पाहिलं, फुंकर मारली. काही दिसलं नाही. मी पुढचं भोक घेतलं.

संध्याकाळी हनीफभाई आले. मी चाक पुन्हा टांगलं आणि वाजवलं. आवाज निघाला, वर चढला, आणि विरायच्या आधीच खाली बसला. बद्द नव्हता. साबूतही नव्हता. सकाळचा पहिला आवाज न ऐकलेल्या माणसाला काही कळलं नसतं. हनीफभाईंनी दोन बोटं चाकाच्या काठाला लावलेली होती. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

“कसा हाय आवाज?” त्यांनी विचारलं.

“बरा हाय.”

“बरा, का चांगला?”

“चांगला हाय,” मी म्हणालो.

त्यांनी बोटं काढून घेतली आणि पायजम्याला पुसली.

मी असं का म्हणालो, याचा विचार मी इतक्या वेळा केला आहे, की आता विचार झिजून गुळगुळीत झाला आहे. माझी खात्री नव्हती, हे खरं. एवढी भोकं पाडल्यावर आवाज थोडा उतरणारच, असं मी स्वतःला सांगितलं, हेही खरं. घासलेट लावून, पुसून, वर खडूची भुकटी टाकली असती तर तडा असल्यास काळी रेघ उमटली असती. अर्ध्या तासाचं काम. मी ते केलं नाही, कारण बाहेर ट्रॅक्टरवाले खोळंबले होते. हे मात्र खरं नाही. मी ते केलं नाही, कारण रेघ उमटली असती तर ती माझ्या हातानं पडलेली असती.

नव्या इंजिनाच्या ताकदीला जुन्या क्लचची पकड पुरणार नव्हती, म्हणून हनीफभाईंनी दाब वाढवून घेतला. पेडल इतकं जड झालं की दाबून धरलं तर मांडी थरथरायची. सातव्या दिवशी गाडी सुरू झाली. विक्रमनं डोळ्याला रुमाल लावला. इंजिनाचा आवाज आमच्या रस्त्यावर कधी न ऐकलेला, तलम आणि चढा. समोरच्या हॉटेलातली माणसं ग्लास हातात घेऊन बाहेर आली. हनीफभाईंनी पाण्यानं भरलेला एक ग्लास बोनेटवर ठेवला आणि हळूहळू फेरे वाढवले. पाणी स्तब्ध होतं. मग एका ठराविक चालीला त्यावर बारीक वर्तुळं उठली. चाल वाढली तशी ती नाहीशी झाली. हनीफभाईंनी पुन्हा चाल उतरवली. वर्तुळं पुन्हा उठली. त्यांनी ग्लासातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं. आत चाक कुठंतरी थरथरतंय, हे दोघांनाही दिसलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी विक्रमच्या आई आल्या. जीपमधून उतरल्या, पदर सावरला आणि बराच वेळ लांबूनच गाडीकडं बघत राहिल्या. मी तिथं होतो. मग आपण होऊन सांगू लागल्या, की लग्नानंतर यांनी मला या गाडीतून एकदाच नगरला नेलं होतं. छत नव्हतं, लाज वाटत होती, सगळ्या रस्त्यानं मी तोंडावर पदर घेऊन बसले, आणि हे हसत होते. नंतर घर, माणसं, राजकारण. पुन्हा कधी त्या गाडीत बसणं झालं नाही. आता विक्रम म्हणतो, आई तू शेजारी बस आणि फोटो मांडीवर घे. मला काही हौस नाही, त्या म्हणाल्या, पण पोराला वाटतं.

त्यांनी डाव्या बाजूच्या सीटवर हात ठेवून पाहिला आणि हनीफभाईंना विचारलं, “मी बसले तर चालंल ना, मिस्त्री?”

“आधी मी बसतो. मग तुमी,” हनीफभाई म्हणाले.

त्या हसल्या. मलाही ते बोलणं तेव्हा नुसतं अदबीचं वाटलं.

पण ती सीट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. फ्लायव्हील गाडीत कुठं असतं हे मला माहीत होतं. पुढं बसलेल्या माणसांच्या पायांच्या मधोमध, पातळ पत्र्याच्या पलीकडं. चालवणाऱ्याचा क्लचवरचा पाय एका अंगाला आणि शेजारी बसणाऱ्याचे पाय दुसऱ्या अंगाला. जेवताना मला ते दिसायचं. लेथवर दुसरं कुठलंही चाक फिरायला लागलं की दिसायचं. दोन दिवस मी हनीफभाईंना सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन यायचं.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. दुपारी हनीफभाईंना फोन लावला, उचलला नाही. त्यांचे हात तेलात असले की ते उचलत नसत. दुकान बंद करून निघावं, तर लेथवर एका ट्रॅक्टरचं चाक चढवलेलं होतं. चढवलेलं काम अर्ध्यावर कसं उतरवायचं, म्हणून मी ते पुरं केलं. हात धुतले. रस्त्यावर आलो तेव्हा लांबून तो तलम आवाज ऐकू आला.

हनीफभाई एकटेच गाडी घेऊन येत होते. शेजारची सीट रिकामी. रस्ता मोकळा होता. मी रस्त्याच्या कडेला गेलो आणि हात वर केला, थांबा म्हणून. त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय. त्यांनीही हात वर केला, हसले, आणि माझ्यासमोरून जाताना गाडी आणखी पळवली. आवाज चढत गेला. मी हात वर धरून तसाच उभा होतो.

फुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. ओली फांदी मोडावी तसा एक कडाका, आणि पाठोपाठ पलीकडच्या तुरीत काहीतरी सरसरत गेलं. गाडी सरळ रेषेत हळू होत गेली आणि रस्त्याकडेच्या एका बाभळीच्या पुढं थांबली. मी धावत पोहोचलो तेव्हा हनीफभाई ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पायाखालचा पत्रा फुलासारखा उमलून वर आला होता. दुसऱ्या बाजूचाही. रिकाम्या सीटच्या पुढच्या अंगाचा भाग उरलाच नव्हता.

“चावी काढ,” ते मला म्हणाले. मी खाली बघायला लागलो तर पुन्हा म्हणाले, “सुदाम, आधी चावी काढ बे.”

नगरच्या दवाखान्यात त्यांचा डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. वर्षश्राद्धाचा दिवस सोडला तर विक्रम चार दिवस तिथून हलला नाही. वर्षश्राद्ध घरातल्या घरात उरकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आई दवाखान्यात येऊन फरीदाभाभींशेजारी बाकावर बसून राहिल्या. एकीनं डबा उघडला की दुसरी पाणी ओतायची. विक्रम सारखा म्हणत होता, की मी घाई केली, माझं चुकलं. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो.

आठव्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हनीफभाईंना सांगितलं. टिक् झालेलं सांगितलं, आवाज खाली बसला तेही सांगितलं. ते छताकडं बघत ऐकत होते.

“मला बोटाला लागलं होतं ते,” ते म्हणाले. “शंका होती म्हनून तर तुला इचारलं. तू न्हाई म्हनला असता तर मी काम थांबवलं असतं. मला एकट्याला थांबवायचं नव्हतं. कशावरनं थांबवलं म्हनून इचारलं असतं, अन् कान गेला हे लोकांना कळलं असतं.”

मी म्हणालो, मग गाडी चालवायची कशाला? ते म्हणाले, की बाईला बसवायच्या आधी कुणीतरी जोरात पळवून बघायलाच हवी होती.

मग माझ्याकडं मान वळवून म्हणाले, “फरीदाला सांगू नको.”

ती गाडी महिनाभर गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. एक दिवस विक्रमनं ट्रक पाठवून ती नेली आणि पुढं तिचं काय केलं हे आम्ही विचारलं नाही. चाकाचे तुकडे तुरीत सापडले तेवढे मीच गोळा करून आणले होते. ज्या ठिकाणी भोकं खेटून होती तिथल्या तुकड्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी काळपट होती. काळपट म्हणजे जुना तडा. आठ-दहा दिवस जुना.

हनीफभाई नकली पायावर चालायला शिकले. गॅरेज पुन्हा उघडलं. आता ते स्टुलावर बसून काम सांगतात, आणि कान गेल्याचं सगळ्यांना आपण होऊन सांगतात. चाक का फुटलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, माझाच अंदाज चुकला. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यामुळं माझ्या दुकानाची पत तसूभरही कमी झाली नाही. उलट मिस्त्रींचा माणूस म्हणून वाढलीच.

दोन वर्षं मी गप्प राहिलो. मग एका दुपारी त्यांच्या घरी बसलो असताना, हनीफभाई नमाजाला गेले होते, मी भाभींना सगळं सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. सांगून झालं तेव्हा मला खरोखर श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“तुमचं मन हलकं झालं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता हे मी कुठं ठिवू?”

त्यानंतर त्या घरात मला चहा मिळत राहिला. कपबशी खाली ठेवून त्या आत जायच्या. नवऱ्याला काही बोलल्या नाहीत, शेजारीपाजारीही नाही. पण दर दसऱ्यानंतर, ट्रॅक्टर यायला लागले की, मला वाटायचं, या वर्षी त्या बोलतील. रस्त्यावरून बुरखा घातलेली कुणीही बाई दुकानाकडं येताना दिसली की माझ्या हातातलं माप चुकायचं.

या वर्षी त्या आल्या. चार दिवसांपूर्वी, दुपारी. रिक्षात गोणपाटात गुंडाळलेलं एक फ्लायव्हील होतं. गॅरेजमधलं माणूस गावाला गेलं म्हणून मिस्त्रींनी मलाच धाडलं, असं म्हणाल्या. फळीवर सहा ट्रॅक्टरवाले बसले होते. भाभी त्यांच्याशेजारी टेकल्या. मी चाक टांगलं, वाजवलं. घासलेट लावलं, पुसलं, खडू टाकला. भिंग घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. कुठं काही नव्हतं. साबूत, चांगलं चाक होतं.

“चांगलं हाय, भाभी,” मी म्हणालो.

त्या चाकाकडं न बघता माझ्याकडं बघत होत्या.

“तवाबी तुमी असंच म्हनला होता,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. उठल्या, रिक्षावाल्याला चाक उचलायला सांगितलं आणि गेल्या.

फळीवरच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्यांच्यातला एक, आष्टीकडचाच, पिकल्या मिशांचा, म्हणाला, “बाई काय म्हनली, भाऊ? तवा म्हंजे कवा?”

काहीही सांगता आलं असतं. मी लेथ बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. आणि मी त्यांना सांगितलं. गाडीपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. काही गाळलं नाही. झाल्यावर दोघंजण उठले. आपापली चाकं उचलली, एकानं जाताना माझ्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं, आणि बाहेर गेले. ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज आले. बाकीचे चौघं बसून होते. बाहेर ऊन तसंच उभं होतं.

पिकल्या मिशांच्या माणसानं घड्याळात पाहिलं. “मग आमचं आज व्हईल का?” त्यानं विचारलं. परवा त्याची टोळी निघणार होती. ट्रॉलीत बायका-पोरं असणार होती.

होईल म्हणालो, आणि त्याचं चाक उचललं. मी चाक लेथवर चढवेपर्यंत तो माझ्या हातांकडंच बघत होता.